जुनी मोटार : जपावी की घडवावी?

जुन्या मोटारीवरील प्रेमाच्या दोन रीती आहेत. एक, ती कारखान्यातून आली तशीच जपणे. दुसरी, तिला आपल्या कल्पनेनुसार नवे रूप व नवा वेग देणे. ‘हॉट रॉड’ ही दुसऱ्या रीतीची निर्मिती.

हा छंद अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांत रुजला. फोर्डने १९३२ साली सामान्यांना परवडणाऱ्या मोटारीत आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन बसवले. पुढे अशा वापरलेल्या मोटारी स्वस्तात मिळू लागल्या. तरुण मडगार्ड काढून वजन घटवीत, छत कापून बुटके करीत आणि इंजिनाला जादा कार्ब्युरेटर जोडीत. म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर वेगाची परीक्षा होई. १९३७ साली तेथील क्लबांनी संघटना स्थापून या शर्यतींना शिस्त लावली.

भारतात मात्र या दोन रीतींतून एकच निवडावी लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. परंतु त्याचा सांगाडा, बाह्य ढाचा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मज्जाव करते.

गोव्यातील एखाद्या अंगणात पन्नाशी उलटलेली मोटार उभी असेल, तर तिचे छत कापण्यापूर्वी मालकाने परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे ठरेल.