गोड्या पाण्याचा शेजारधर्म

दिवाळीच्या पहाटे मुंबईतल्या घराघरांत देवापुढे जी फुले वाहिली जातात, ती कोठून येतात ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. दादरच्या फुलबाजारातून पुडी आणली की आपले काम संपले. पण त्या पुडीतला सोनचाफा, मोगरा आणि जास्वंदीच्या कळ्या ह्यांचा माग काढीत गेलो, तर पुष्कळदा वसईला उतरावे लागेल. स्टेशनाच्या पश्चिमेस समुद्राच्या दिशेने थोडे आत गेलो, तर त्या फुलझाडांचा मालक एखादा परेरा, लोपीस किंवा रॉड्रिग्ज निघण्याचा संभव फार! आपल्या लक्ष्मीपूजनाची फुले क्रूसाची खूण करून कामाला लागणाऱ्या हातांनी खुडलेली असतात, ही गोष्ट ऐकून कोणाला नवल वाटेल, कोणाला कौतुक. पण ती फुले ज्या पाण्यावर फुलतात त्या पाण्याची कहाणी त्याहूनही ऐकण्यासारखी आहे.

वसई म्हटले की आपल्याला चिमाजी अप्पा आठवतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी वसई घेतली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. किल्ल्यावरचे निशाण बदलले, पण ही कुटुंबे आपल्या वाड्या सोडून कोठे गेली नाहीत. धर्म बदलला तरी माती बदलली नव्हती. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांच्या बोली त्यांच्या ओठांवर राहिल्या, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लाल लुगडे राहिले आणि हातातला विळा-कोयताही राहिला. नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी ह्या पट्ट्यात केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले ह्यांची शेती पिढ्यान् पिढ्या चालत आली. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली आगाशीची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना ह्या मातीच्या गोडीबद्दल अधिक सांगायला नको.

ऑक्टोबर उजाडला की मुंबई-वसईकडल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांत 'आगेरा' नावाचा सण येतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, त्यांवर आशीर्वाद मागतात आणि मग घरी नवे धान्य शिजते. आपल्याकडची नवान्न पौर्णिमा आणि हा आगेरा ह्यांत नात्यातल्या दोन बहिणींइतकेच अंतर आहे. पण सणाने शेत वाचत नसते. शेताला पाणी लागते. आणि समुद्राच्या कुशीत राहणाऱ्याला पाण्याची गोष्ट फार जपून हाताळावी लागते.

रहाट आणि पंप

चारी बाजूंना खारे पाणी असताना वसईच्या विहिरींना गोडे पाणी लागते कसे? उत्तर मोठे गमतीचे आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी वजनाने किंचित हलके, म्हणून दुधावर साय धरावी तसे ते वर थांबते. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या अभियंत्यांनी समुद्रकाठच्या वाळूत ह्याचे गणित मांडले. समुद्राच्या पातळीच्या वर जर १ मीटर गोडे पाणी असेल, तर पातळीच्या खाली त्याचा साठा साधारण ४० मीटर खोल असतो. हा हिशेब मोठ्या दिलदार सावकारासारखा वाटतो. पण तोच हिशेब उलटा लावून पाहा. उपसा करून वरचे पाणी १ मीटरने खाली नेले, तर कालांतराने खालचे खारे पाणी ४० मीटर वर सरकते! एकदा का ते विहिरीत शिरले, की मोसंबीच्या रसात मीठ पडावे तशी गत होते. मग कितीही पश्चात्ताप केला तरी ते लवकर निघत नाही.

आपल्या वाडवडिलांना हे गणित ठाऊक नव्हते. पण त्यांच्याजवळ रहाट होता. बैल किंवा रेडा गोल फिरे, रहाटगाडगे कुरकुरत पाणी वर आणी आणि पाटाने ते केळीच्या बुंध्याशी जाई. जनावर दमले की उपसाही थांबे. तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरून येई. शिवाय वाड्यावाड्यांतून 'बावखले' असत. बावखल म्हणजे मुद्दाम खणून राखलेले तळे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरे, हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी पुरवी. बँकेत ठेव ठेवावी तशी ही पाण्याची ठेव. मूळ रकमेला हात लावायचा नाही आणि व्याजावर संसार करायचा, असा तो शहाणा व्यवहार होता.

पुढे विजेचा पंप आला. पंप दमत नाही. त्याच्या मागोमाग मुंबईची वस्ती लोकलच्या रुळांवरून सरकत सरकत वसई, नालासोपारा, विरारपर्यंत आली. इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी नव्हते. शहराच्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते असे सरकारी मान आहे. म्हणजे १०,००० लिटरच्या एका टँकरवर पाच माणसांची जेमतेम पंधरा बिऱ्हाडे एक दिवस निभावतात. तहान अशी अफाट आणि गोडे पाणी मात्र पश्चिमेच्या वाड्यांत. तेव्हा वाडीच्या विहिरीवर टँकर उभे राहू लागले.

विकणारा कोण होता?

येथे ह्या कहाणीतला खरा पेच सुरू होतो. परकी कंपनी आली, तिने पाणी लुटले आणि भोळे गावकरी रडत बसले, असे झाले असते तर गोष्ट सोपी होती. परंतु टँकरला पाणी देणाऱ्यांत गावचेच लोक होते. विहीर त्यांची, जमीन त्यांची, कायद्याने अडवणार कोण? आणि त्यांना सरसकट लोभी म्हणणेही बरोबर नव्हे. केळीचा घड तयार व्हायला वर्ष लागते, वादळाने एका रात्रीत बाग आडवी होते, बाजारात भाव पडतो. टँकरचे पैसे मात्र रोजच्या रोज हातात. मुलाच्या कॉलेजची फी भरायची असेल, मुलीचे लग्न ठरले असेल, तर तुम्ही-आम्ही काय केले असते?

परंतु वरचे कुंपण कितीही पक्के असले, तरी जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखीत नाही. एकाने उपसा केला की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. ज्याने एक थेंब विकला नाही त्याच्याही केळी पिवळ्या पडतात. म्हणजे स्वतःच्या मालकीचे म्हणून जे विकले, ते खरे पाहता सर्वांचे होते.

अशा वेळी १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईतली हजारो एकर जमीन बांधकामाला खुली करण्याचे धोरण पुढे आले आणि १९९० साली ह्या भागाचे नियोजन सिडकोकडे सोपवले गेले. टँकर आणि इमारत अशा दोन्ही बाजूंनी कोंडी होत असताना 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. तिच्या अग्रभागी होते एक कॅथलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचेच हे भूमिपुत्र. मराठी वाचकांना त्यांची ओळख 'सुबोध बायबल'चे लेखक म्हणून असेल, किंवा २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून असेल. पण त्याच्या कितीतरी आधी वसईकरांनी त्यांना मोर्च्याच्या पुढे चालताना पाहिले होते. १९८३ ते २००७ ह्या काळात ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते आणि धर्मवार्तेच्या त्या मासिकात त्यांनी सामाजिक प्रश्नांनाही जागा करून दिली.

समितीच्या छत्राखाली ख्रिस्ती आले तसे हिंदूही आले. सभा झाल्या, मोर्चे निघाले, टँकरच्या उपशाला विरोध झाला. बांधकामाचा आणि पाण्याचा पैसा जेथे गुंतलेला असतो तेथे गुंडगिरीही असते. फादरांना धमक्या आल्या, पण त्यांनी बोलणे थांबवले नाही. 'पाद्रीबुवांनी देवळात प्रार्थना करावी, विहिरीत कशाला डोकावावे?' असा प्रश्न अशा वेळी विचारला जातोच. त्याचे उत्तर त्यांच्या धर्मातच होते. ख्रिस्ताची एक मुख्य आज्ञा शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आहे. आपल्याकडे त्यालाच शेजारधर्म म्हणतात. शेजाऱ्याची विहीर खारी करून त्याच्यावर प्रेम करायचे कसे, हा प्रश्न विचारायला धर्मगुरूखेरीज अधिक योग्य माणूस कोण?

रोम आणि वसई

पुष्कळांना असे वाटते की पर्यावरणाची ही काळजी रोमहून फर्मान आले म्हणून सुरू झाली. तसे नाही. असिसीचा संत फ्रान्सिस आठशे वर्षांपूर्वी सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणत असे, हे खरे. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्याला पर्यावरणप्रेमींचा आश्रयदाता संत ठरवले आणि १९९० सालच्या शांतिदिनाच्या संदेशात त्यांनी हाच विषय घेतला, हेही खरे. पण सबंध परिपत्रक पृथ्वीच्या रक्षणासाठी निघाले ते २०१५ साली. पोप फ्रान्सिस ह्यांचे 'लाउदातो सी'. ह्या नावाचा अर्थ 'तुझी स्तुती असो'. स्वच्छ पाणी मिळणे हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि पृथ्वीचे रडणे व गरिबाचे रडणे एकत्रच ऐकावे लागते, असा त्याचा सारांश सांगता येईल. ते निघाले तेव्हा वसईच्या चळवळीला पाव शतक उलटून गेले होते! पोपच्या पत्राने वसईकरांना नवे काही शिकवले नाही. तुम्ही करीत होता ते धर्मकार्यच होते, अशी पाठीवर थाप मात्र दिली.

चर्चचा ह्या कामी खरा उपयोग निराळाच झाला असावा असे वाटते. जमिनीखालचे पाणी एकच असल्यामुळे ते एकट्यादुकट्याच्या सद्वर्तनाने वाचत नाही. सगळ्यांनी मिळून हात आखडावा लागतो. त्यासाठी पाणी विकणारा, न विकणारा आणि ज्याची विहीर खारी झाली तो, असे तिघेही जेथे नियमाने भेटतात अशी एखादी जागा हवी. गावात अशी जागा देऊळ असते, पार असतो, मशीद असते. वसईत ती दर रविवारचे चर्च होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेला मुभा दिल्यापासून तेथे मराठीतूनच सारे चालते. ज्या भाषेत प्रार्थना, त्याच भाषेत भांडण आणि त्याच भाषेत समेट!

जमाखर्च

मग वसई वाचली काय? ह्याचे उत्तर होय आणि नाही असे दोन्ही द्यावे लागेल. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. महानगरपालिका झाली ती २००९ साली. तीत जायला अनेक गावांचा विरोध होता. २९ गावे वगळण्याचा शासनाचा निर्णय २०११ साली झाला, पण प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. सूर्या प्रकल्पाचे पाणी नळाने आले, तरी टँकर रस्त्यावरून गेले नाहीत. कितीतरी बावखले मातीने बुजवली गेली. पाण्याच्या वाटा बुजल्या की पाणी आपली वाट स्वतः काढते. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा कसे बुडाले आणि लोकल कशा थांबल्या, हे कोणी विसरलेले नाही.

पण दुसरी बाजूही आहे. रुळांच्या पूर्वेकडे इमारतींची दाटी झाली असताना पश्चिमेला, समुद्राकडे, आजही वाड्या आहेत, पाणथळी आहेत, सोनचाफ्याची लागवड आहे. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यांच्या सुरुवातीच्या लढ्यात जे जन्मलेही नव्हते अशी पोरे आता सुट्टीच्या दिवशी कमरेइतक्या गाळात उतरून जुनी बावखले साफ करू लागली आहेत. हे काम मोर्च्यासारखे गाजत नाही. गाळ काढायचा, जलपर्णी उपटायची, पावसाची वाट पाहायची. पुढल्या उन्हाळ्यात जवळच्या विहिरीचे पाणी चाखले की निकाल कळतो.

आता थोडे आपल्याविषयी. विकणाऱ्याबद्दल आपण पुष्कळ बोललो. पण घेणारा नसता तर विकणारा कोठून आला असता? तो घेणारा म्हणजे ब्लॉकमध्ये राहणारे तुम्ही-आम्हीच. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून आपण तासभर भांडतो. हिशेबाच्या कागदावर 'टँकर' म्हणून एक ओळ असते, तिच्याकडे मात्र रक्कम पाहण्यापुरतीच नजर जाते. येत्या सभेत एवढेच विचारून पाहावे : हे पाणी कोणत्या गावच्या विहिरीचे, आणि गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी आपण गटारात का सोडतो? उत्तर द्यायला सेक्रेटरी थोडे अडखळतील. अडखळू द्यावे. तो गाव आपल्या दारापासून कितीही दूर असला, तरी ज्याचे पाणी आपल्या हंड्यात आले तो आपला शेजारीच झाला.