लासरू : दुखणं डोळ्याचं, ऑपरेशन नाकातून

अश्रुपिशवीत पू साठलाय, म्हणजे लासरू झालंय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याशी बोटाने दाबलं की पापणीच्या कडेवरच्या बारीक छिद्रातून चिकट, पिवळसर पू वर येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टर असं दाबून बघतात, सिरिंजने पाणी सोडूनही पाहतात. घशात खारट चव आली तर वाट मोकळी. पाणी उलटून डोळ्यातच आलं तर नळी बंद. या पुवातले जंतू मोतीबिंदूच्या जखमेतून आत गेले तर डोळाच जायचा. म्हणून आधी पिशवीचा बंदोबस्त.

डोळ्यातलं पाणी पिशवीतून या नळीने नाकात उतरतं. ती बुजण्याचा त्रास चाळिशीपुढच्या बायकांना अधिक होतो. थेंबांनी पू तेवढ्यापुरता कमी होतो, पण बुजलेली नळी उघडत नाही. तरीही वर्षानुवर्षं थेंबांच्या बाटल्या बदलत राहणारे खूप!

इलाज म्हणजे नळीचा नाद सोडून पिशवीतून थेट नाकात नवी वाट काढायची. इटलीच्या अड्डेओ टोटी यांनी १९०४ मध्ये ती बाहेरून, त्वचेला छेद देऊन काढली. नाकातून जायचा प्रयत्न कॉल्डवेल यांनी त्याआधीच, १८९३ मध्ये केला होता. पण नाकाच्या त्या अंधाऱ्या बोळात नीट दिसणार कसं? दुर्बिणीने ती अडचण सोडवली आणि १९८९ मध्ये मॅकडॉनो व मीरिंग यांनी आजची पद्धत मांडली.

सर्जन मधल्या शंखास्थीच्या पुढच्या टोकापाशी अस्तर सोडवतो आणि खालचं हाड काढतो. मग डोळ्याच्या बाजूने बारीक सळई आत सरकवतात. तिच्या टोकाने पिशवीची भिंत नाकात फुगून येते, नेमकी तिथेच चीर द्यायची. पू बाहेर पडतो, तो ओढून घेतात आणि पिशवीच्या भिंती पुस्तकाची पानं उलगडावीत तशा दोन्हीकडे पसरतात. खरी मेख इथे आहे. पिशवी पूर्वीच्या समजुतीपेक्षा बरीच वरपर्यंत असते. वरचं जाड हाड काढायचा कंटाळा केला, भोक लहान ठेवलं, तर ते भरून येतं आणि डोळा पुन्हा गळू लागतो.

चेहऱ्यावर व्रण राहत नाही, याची जाहिरात जरा जास्तच होते. हात बसलेल्या सर्जनकडे बाहेरून केलेलं ऑपरेशनही शंभरात नव्वदाच्या आसपास यशस्वी होतं. दुर्बिणीचा मोठा फायदा पिशवीत गळू झालं असताना होतो, कारण लाल, सुजलेल्या त्वचेला हात लावावा लागत नाही. नाकाचं वाकडं हाडही त्याच वेळी सरळ करता येतं.

नंतर काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही आणि मिठाच्या पाण्याने ते धूत राहायचं. पुढे कधी शिंकरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून हवा फुसकन आली तर घाबरू नका, वाट उघडी असल्याने ती येते.