खिंडीतली गाडी

वेल्ह्याच्या पेठेतल्या खानावळीच्या ओसरीवर दोन टेबलं जोडून नकाशा पसरलाय. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, १:५०,०००. कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. वारा कागद उचलू बघतोय, म्हणून चार कोपऱ्यांवर चार हेल्मेटं ठेवलीत. डिसेंबरातला पहिला रविवार, दुपारचे दोन. पिठलं-भाकरीची ताटं आत्ताच उचलली गेलीत, चहा सांगून झालाय आणि ताई कानामागची पेन्सिल काढते.

ताई आमची लीडर. वयानं मोठी माणसंही तिला ताईच म्हणतात. "आठ माणसं, चार गाड्या, चार दिवस," ती म्हणते. "नववं माणूस घ्यायचं नाही. मग तो कुणाचा मेव्हणा असो नाहीतर चुलतभाऊ." यावर कुणी काही बोलत नाही. आठाच्या पुढं गेलं की घाटात गाड्यांची रांग लांबते, डोंगरात पुढचा मागच्याला दिसेनासा होतो आणि पायथ्याला ज्या घरी जेवण सांगितलेलं असतं तिथल्या बाईचा पहाटेपासून पिट्ट्या पडतो. मला तर वाटतं, हा एक नियम सगळ्यांनी पाळला तरी या दोन तालुक्यांतल्या गडांवरचा निम्मा गोंधळ कमी होईल.

तारखेवर फार वेळ जात नाही. नाताळ आणि ३१ डिसेंबर बाद. जानेवारीचा दुसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी राजगडाच्या चोरदरवाजाखाली चढणारे आणि उतरणारे एकाच रेलिंगला धरून कड्याला चिकटून उभे असतात. बँकेतला मित्र मनात रजा मोजतो आणि मान डोलावतो.

पेन्सिल आधी भोरकडे वळते. पहिल्या दिवशी महामार्गानं कापूरहोळ, तिथून भोर, आंबवडे, कोर्ले. सडक संपते तिथं गाड्या लावून लोखंडी शिडीनं रायरेश्वराच्या पठारावर. रात्री वर राहणाऱ्या जंगमांच्या घरी. शिवरायांनी १६४५ साली याच रायरेश्वरासमोर स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. दुसऱ्या दिवशी खाली उतरून भोरला पेट्रोल, मग भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं भुतोंडे, खिंड चढून वेल्हे, पुढं मार्गासनीवरून गुंजवणे. तिसरा दिवस पायी, राजगड ते तोरणा. चौथ्या दिवशी केळद, मढे घाटाचं तोंड बघायचं आणि पाबे घाटातून घरी.

"मढे घाटातून खालीच उतरू की कोकणात," कॉलेजातला मुलगा म्हणतो. तो गेल्या उन्हाळ्यात मनालीहून लेहला गाडीवर जाऊन आलाय. तिकडे खिंडीच्या माथ्यापर्यंत डांबर आहे, तशीच सवय त्याच्या बोटाला लागली आहे. ते नकाशावर केळदहून सरळ कोकणात जातं.

"गाडी नाही उतरत तिथून," ताई म्हणते.

इथल्या डोंगराचा स्वभाव हिमालयाहून अगदी निराळा आहे आणि आखणी करताना तोच आधी समजून घ्यावा लागतो. उंची फार नाही. तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, तोही १४०० मीटरच्या आसपास. पण देशावरून कोकणात पडणारी धार इतकी तुटलेली आहे की मढे घाट, उपांड्या घाट, बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ या सगळ्या वाटा पायांच्याच राहिल्या. भोरकडून गाडी खाली जाते ती वरंधा घाटानं महाडला, आणि तो घाटही पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवावा लागतो. बाकी सगळीकडे चाक एका ठरावीक जागी थांबतं आणि पुढचं काम पायाचं. ती जागा कोणती, आणि पाय दुसऱ्याच गावात उतरले तर चाक तिथं कसं आणायचं, हे ज्याला नीट मांडता आलं त्याची सहल जमली म्हणायची.

आमच्यातल्या शिक्षिका इतिहास शिकवतात. त्या मुलाच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवतात. "१६७० साली सिंहगडावर तानाजी पडले. त्यांचा देह याच घाटानं उमरठला नेला, असं इथली माणसं सांगतात. आपण माथ्यावर जाऊ, पाया पडू आणि परत फिरू." मुलगा बोट काढून घेतो.

आता तिसरा दिवस. सगळे टेबलाभोवती सरकतात.

गुंजवण्यातून निघालेली माणसं संध्याकाळी वेल्ह्यात उतरणार. दोन्ही गडांना जोडणारी लांबलचक डोंगरधार मध्ये आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजानं बाहेर पडायचं, धार धरायची, चढउतार करत बुधला माचीच्या अंगानं तोरण्यावर शिरायचं. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, पुरंदरच्या तहात १६६५ साली २३ किल्ले गेले आणि १२ राहिले त्यांत हे दोन्ही होते, १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून महाराज राजगडीच आले. शिक्षिका हे भराभर सांगतात, कॉलेजातली मुलगी वहीत टिपून घेते. २०२५ साली राजगड युनेस्कोच्या यादीत गेला, हे तिला आधीच माहीत आहे.

पण धारेवर पाणी नाही. राजगडावर पद्मावती तळं आणि टाकी आहेत, तोरण्यावर मेंगाईच्या देवळाजवळ टाकी आहेत. मधल्या पट्ट्यात जानेवारीत वाळलेलं गवत, मुरूम आणि घसारा. माणशी चार लिटर पाठीवर घेतलं तर संजीवनीपर्यंतच खांदे बोलायला लागतील.

ताई धारेच्या मधोमध एका जागी पेन्सिल टेकवते. समोच्च रेषा तिथं आत वळल्यात आणि त्यांच्यामधून एक बारीक रस्ता आडवा जातोय. वेल्ह्याहून भुतोंड्याला जाणारी सडक. धारेवरून चालणाऱ्याला ती ओलांडावीच लागते.

"ही खिंड," ती म्हणते. "बुधवारी आपण गाडीवरून इथून जाणार, गुरुवारी पायी ओलांडणार. गुरुवारी इथं एक गाडी पाणी घेऊन उभी राहील."

टेबलावर क्षणभर कुणीच बोलत नाही, मग सगळे एकदम बोलायला लागतात. मीही त्यात आहे. एवढ्याशा कागदावर चार दिवसांचे दोन वेगळे नकाशे होते, एक टायरचा आणि एक बुटांचा, आणि ते कुठं जुळतात ते आत्ता दिसलं. खिंडीत पाणी भरता येणार असेल तर प्रत्येकानं दोनच लिटर घेऊन निघायचं. कुणाचा पाय मुरगळला तर त्याला तिथूनच गाडीवर घालता येईल. मोठ्या सॅका गुंजवण्यात राहतील, पाठीवर फक्त छोटी पिशवी.

"मी माझी सॅक घेऊनच चालणार," कॉलेजातली मुलगी म्हणते. "नाहीतर बॅकपॅकिंग कसलं?"

"रायरेश्वरला घे," ताई म्हणते. "धारेवर नको. घसाऱ्यावर वजन मागं ओढतं."

भोरचा मेकॅनिक इतका वेळ गप्प बसलाय. गॅरेज बंद करून तो रविवारी आमच्याबरोबर आलाय, आणि नकाशापेक्षा त्याचं लक्ष बाहेर लावलेल्या गाड्यांकडं जास्त आहे. "सॅक पाठीवर घालून मागं बसायचं नाही," तो उठत म्हणतो. "या, दाखवतो."

आम्ही ओसरीखाली उतरतो. तो पिशवीतून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या काढतो, बोटभर रुंद, हातभर लांब. बाजारातल्या हुकवाल्या रबरी दोऱ्या त्याला पसंत नाहीत. हुक खड्ड्यात उडतो आणि चाकात जातो. सॅक तो उभी बांधत नाही. कॅरिअरवर आडवी टाकतो, तिचे बंद आत दुमडतो, म्हणजे लोंबून चेनमध्ये जायला नकोत. पहिली पट्टी डावीकडच्या सांगाड्यातून काढून सॅकवरून उजवीकडे, दुसरी तिला फुलीवर, तिसरी कमरेतून. प्रत्येक पट्टी दोन्ही हातांनी ताणतो आणि ताण न सोडता अंगठ्यानं गाठ दाबून ठेवतो. मग सॅकला धरून गाडी हलवतो. गाडी हलते, सॅक जागची हलत नाही. "पाबे घाटात पहिल्या गिअरवर चढताना मागं वजन उंच असलं की पुढचं चाक हलकं होतं," तो सांगतो. "वजन खाली आणि मध्ये. आणि मागं बसणाऱ्यानं चालवणाऱ्याला धरायचं नाही, कॅरिअरला धरायचं." क्लचची जादा केबल, पंक्चरचं सामान, हवेचा छोटा पंप, चेनचा एक जोड एवढं त्याच्याकडं असेल. ब्रेकशू मात्र ज्यानं त्यानं निघायच्या आधी बघून घ्यायचे.

वर येतो तर नकाशावर एक नवा माणूस वाकलाय. वेल्हे ते मार्गासनी वडाप चालवणारा जीपवाला. त्याला ताईनंच बोलावलंय, कारण गुरुवारी संध्याकाळी गुंजवण्यातल्या तीन गाड्या आणायला तीन चालवणारे तिकडं पोचवायचे आहेत. "सातनंतर गाडी भेटायची न्हाई," तो म्हणतो. "आधी सांगून ठेवलं तर मी थांबतो." मग धारेकडे वळून, आता कागद सोडून डोंगराकडं हात करून, "खिंडीच्या पुढं दोन वाटा फुटत्यात. ठळक दिसती ती गुरांची. ती धरली की खाली वाडीत उतरताय. दांड सोडायचा न्हाई." ताई नकाशावर त्या जागी लाल खूण करते. टोपोशीटवर ती वाट नाही.

तो आणखी दोन गोष्टी सांगतो आणि त्या दोन्ही आमच्या यादीत नव्हत्या. सुगी संपत आली तरी भोरकडच्या गावांत अजून कुठं कुठं रस्त्यावर पेंढा पडलेला असतो, त्यावर ब्रेक मारायचा नाही. आणि भुतोंड्याकडून खिंडीचा चढ नीट बघून घ्या, पावसानं रस्त्याच्या कडा खाल्ल्यात. मेकॅनिक म्हणतो, मी पुढच्या रविवारी गाडी घालून बघून येतो.

बाकीचं पटापट ठरतं. धारेवर चूल नाही, काडी नाही. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि वणवा गावाच्या कुरणापर्यंत उतरतो. राजगडावर आग्या मोहोळं आहेत, तेव्हा अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. सायलेन्सर मूळचाच हवा; फटाके फोडणारी गाडी आली तर तिला कापूरहोळहूनच परत पाठवायचं, हे ताई माझ्याकडं बघून म्हणते, कारण तसल्या गाड्यांचा मला किती संताप येतो हे तिला ठाऊक आहे. तान्ह्या पोराला झोपवत बसलेल्या आईच्या दारावरून असा आवाज काढत जाणाऱ्याला गड कळला असं मी कधी मानणार नाही. गडावर मुक्काम धरलेलाच नाही, रात्री गावात. आणि अंधार पडल्यावर कुठल्याही घाटात गाडी नाही. जीप गुंजवण्याला सोडेल त्या तिघांनी तिथंच राहायचं, गाड्या पहाटे आणायच्या.

"खिंडीत कोण थांबणार?" बँकेतला विचारतो.

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. जो खिंडीत थांबेल त्याला राजगड नाही, तोरणा नाही, ती धार नाही.

"मी," अण्णा म्हणतात. आमच्यात ते सगळ्यात मोठे. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय. ताई काही बोलायच्या आत ते पेन्सिल मागून घेतात. "सात माणसं, दोन-दोन लिटर म्हणजे चौदा. वीस घेऊन येतो. एक कॅन नको, ते डुचमळतं. दहा-दहाचे दोन, दोन्ही बाजूंना." मेकॅनिक मान डोलावतो. "गुळपोळ्या आणि लिंबं पण आणतो. मी अकराला खिंडीत. तुम्ही केव्हा?"

"गुंजवणे पहाटे चार," ताई सांगते. "उजाडता राजगड. साडेआठला संजीवनी सोडायची. साडेअकरापर्यंत खिंडीत."

"आणि नाही आलात तर?"

ताई खुर्चीत मागं टेकते. "बारा. बारापर्यंत शेवटचा माणूस खिंडीत नसेल तर तोरणा रद्द. सगळे तिथूनच सडकेनं वेल्ह्याला उतरतील. बिनी दरवाजाचा उतार दमलेल्या पायांनी अंधारात करायचा नाही." मग ती एकेकाकडं बघून विचारते. बँकेतला हो म्हणतो. शिक्षिका हो म्हणतात. मेकॅनिक, मी, लेहवाला मुलगा. राहते ती मुलगी. पेन्सिलीच्या टोकाजवळ, बुधला माचीवर तिची नजर आहे.

"साडेबारा करा ना, ताई."

"बारा."

"सव्वाबारा?"

"बारा."

ती वही ओढून घेते, गुरुवारच्या पानावर स्वतःच्या हातानं बाराचा आकडा लिहिते. "बरं. बारा."