गुप्तांगावरचे चट्टे आणि जखमा

गुप्तांगावरचा प्रत्येक चट्टा लैंगिक संसर्गाचा नसतो. नायटा, सोरायसिस, साबणाची ॲलर्जी यांतूनही तो उठतो. हैदराबादसारख्या शहरात उष्ण, घामट दिवसांत जांघेतला नायटा बळावतो. चिठ्ठीविना घेतलेले स्टिरॉइडमिश्रित मलम खाज थांबवते, पण बुरशी पसरतच राहते आणि नायट्याचे रूप इतके बदलते की तज्ज्ञालाही तो पटकन ओळखू येत नाही. ही मलमे सर्रास मिळतात, हे घातक आहे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते लायकेन स्क्लेरोसस या त्वचाविकाराकडे. त्वचा पांढरी, पातळ होते. स्त्रियांना, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, असह्य खाज सुटते, पुरुषांत शिश्नाची पुढची कातडी आवळते. क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड इथे खरोखर उपयोगी पडते, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. उपचार टाळल्यास काही रुग्णांत तिथेच कर्करोग उद्भवतो.

एचपीव्ही विषाणू, विशेषतः त्याचा 16 क्रमांकाचा प्रकार, तंबाखू आणि मागे न सरकणारी कातडी हीही कर्करोगाची कारणे. निदान नुसत्या नजरेने होत नाही. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात. ही बायोप्सीच निर्णायक. गाठ लहान असताना अवयव बहुधा वाचवता येतो. कर्करोग जांघेतल्या लसिकाग्रंथींत पसरल्यावर शस्त्रक्रिया मोठी होते.

हैदराबादेत उस्मानिया रुग्णालयात त्वचारोगांवर, तर 1955 मध्ये स्थापन झालेल्या एमएनजे संस्थेत कर्करोगावर सरकारी उपचार मिळतात. चार आठवड्यांत न भरलेली जखम लाज न बाळगता दाखवावी.