भीमेच्या पाण्यातला झुंजार मासा

४ ऑगस्ट १९५३. पेरू देशातल्या काबो ब्लांकोच्या किनाऱ्यावरून निघालेल्या बोटीवर आल्फ्रेड ग्लासेल ज्युनिअर हा अमेरिकन गृहस्थ रॉड धरून बसला होता. गळाला काळा मार्लिन लागला होता. मासा पुन्हापुन्हा पाण्याबाहेर उसळत होता, पुन्हा खोल बुडी मारत होता. पावणेदोन तासांनी तो दमला. त्याचं वजन भरलं १५६० पौंड, म्हणजे सुमारे ७०८ किलो. रॉड आणि रीळ वापरून पकडलेल्या काळ्या मार्लिनचा हा जागतिक विक्रम सत्तर वर्षं उलटून गेली तरी मोडलेला नाही.

खोल समुद्रात जाऊन मोठ्या माशाशी झुंजण्याचा हा खेळ १८९८ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर रुजला. चार्ल्स फ्रेडरिक होल्डरने तिथे १८३ पौंडांचा ट्यूना रॉडवर धरला आणि त्याच वर्षी ‘ट्यूना क्लब’ स्थापन केला. आज जगभरच्या बंदरांत या खेळासाठी दिवसाच्या भाड्याने बोटी मिळतात. बोटीवर एक तांडेल असतो, एक-दोन मदतनीस असतात आणि हौशी पाहुणे असतात. बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरलेल्या असतात. त्यामुळे मागे ओढली जाणारी आमिषं एकमेकांत गुंतत नाहीत. मासा लागला की सगळी मदार रिळावर येते. रिळातला ब्रेक असा लावलेला असतो की दोरी तुटायची वेळ येण्याआधीच ती सुटू लागते. पतंगाला ढील द्यावी आणि संधी मिळताच ओढ घ्यावी, तसा हा खेळ चालतो. माशाचं बळ दोरीशी झगडण्यात संपतं आणि बारीकशी दोरी तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी जड जनावर बोटीपर्यंत आणते. या खेळाचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९३९ मध्ये स्थापन झाली. तिचा एक कडक नियम आहे: झुंज चालू असताना दुसऱ्या कोणी रॉडला किंवा रिळाला हात लावला, तर तो मासा विक्रमात धरला जात नाही.

सोलापूरपासून समुद्र सुमारे ३०० किलोमीटर दूर. इथल्या माणसाला मार्लिन दिसेल तो पडद्यावरच. पण गळाला लागल्यावर माणसाची कसोटी पाहणारा एक मासा सोलापूरच्या स्वतःच्या नदीचा आहे. विज्ञानाला त्याची पहिली ओळख भीमेच्या खोऱ्यातच झाली. त्याचं नाव दख्खनचा महसीर.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले विल्यम हेन्री साइक्स हे अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरले. माणसं, शेती, पक्षी आणि मासे यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या माशाचं वर्णन होतं. स्थानिक लोक त्याला ज्या नावाने ओळखत, तेच साइक्स यांनी शास्त्रीय नावात घेतलं: खुद्री. आज हा मासा ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो आणि दख्खनचा किंवा निळ्या पराचा महसीर असंही त्याला म्हणतात. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात येते आणि तिथून पंढरपूरला जाते.

महसीर हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण त्याची घडण वेगळी. अंगावर मोठे, ढालीसारखे घट्ट खवले. ओठ जाड आणि मांसल. तोंडात दात नाहीत, मात्र घशात आहेत, आणि शिंपले-गोगलगायी फोडण्याइतके ते बळकट आहेत. फळं, शेवाळ, कीटक, खेकडे, लहान मासे असं सगळं त्याला चालतं. त्याची खरी ताकद वाहत्या पाण्यात कळते. पावसाळ्यात नद्या फुगल्या की तो प्रवाहाच्या उलट दिशेने डोंगराकडे निघतो. गावोगावी ज्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, त्यांतला हा सर्वांत दणकट. लाटांच्या आणि खडकांच्या विरुद्ध पोहण्यासाठी घडलेलं हे शरीर गळ लागताच पहिल्या झटक्यात दोरीचा मोठा हिस्सा घेऊन पसार होतं. त्यामुळेच जगभरचे हौशी त्याच्यासाठी भारतात येत राहिले.

मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि महसीरची कीर्ती विलायतेत पोहोचली. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंहून जड महसीर पकडला. स्वातंत्र्यानंतर हा खेळ मागे पडला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्लिश तरुण कावेरीवर आले. ९० पौंडांच्या पुढचे मासे अजून नदीत आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं आणि कावेरीकाठी मासेमारीच्या हौशींची शिबिरं उभी राहिली. समुद्रातल्या भाड्याच्या बोटीची जागा इथे बांबूच्या गोल, टोपलीसारख्या होडीने घेतली. तांडेलाच्या जागी आला नदीचा प्रत्येक खडक ठाऊक असलेला गावचा वाटाड्या. आमिष बहुधा नाचणीच्या पिठाच्या गोळ्याचं. मासा काठावर आला की वजन करायचं, फोटो काढायचा आणि त्याला परत सोडायचं, असा इथला रिवाज होता.

याच काळात महाराष्ट्रात महसीरसाठी एक मोठं काम चालू होतं, तेही भीमेच्याच खोऱ्यात. लोणावळ्याचं वळवण धरण इंद्रायणीवर आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते १९१६ च्या सुमारास बांधलं गेलं. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिथल्या महसीरच्या प्रजननाचा अभ्यास करून १९७० च्या सुमारास कृत्रिम प्रजननाची रीत बसवली. पावसाळ्यात धरणात पाणी येऊन मिळतं तिथे पक्व मासे गोळा होतात. त्यांना पकडून, पोटावर हलका दाब देऊन मादीची अंडी आणि नराचं वीर्य काढायचं, दोन्ही एकत्र करून अंडी फलित करायची आणि वाहत्या, स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. महसीरची अंडी जड असतात आणि तळाशी बसतात. त्यांना गार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. साधारण तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. कटल्याच्या मानाने महसीरची अंडी फार थोडी असतात आणि तो वाढतोही सावकाश. म्हणून प्रत्येक अंड्याची निगा महत्त्वाची ठरते. टाटांच्या इथल्या प्रजनन केंद्रातून पुढच्या दशकांत लाखो बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशभर गेली. २०२० मध्ये बातमी आली की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा मासा ‘संकटग्रस्त’ गटातून ‘कमी चिंता’ गटात आला आहे. एखाद्या मोठ्या माशाबद्दल अशी बातमी क्वचितच ऐकायला मिळते.

या यशाला दुसरी बाजूही आहे आणि ती प्रत्येक मत्स्यप्रेमीने जाणून घ्यायला हवी.

कावेरीत पूर्वीपासून एक वेगळा महसीर होता. पाठीवर उंच वशिंड, परांवर नारिंगी झाक आणि प्रचंड आकार. कावेरीच्या दंतकथा त्याच्याच. त्याच नदीत संवर्धनाच्या चांगल्या हेतूने लोणावळ्याच्या निळ्या पराच्या महसीरची बोटुकली सोडली गेली. पाहुणा मासा नव्या घरी झपाट्याने पसरला. १९९८ ते २०१२ या काळात हौशी मासेमारांनी शिबिरांच्या वह्यांत कोणता मासा, किती वजनाचा, किती तासांत मिळाला हे लिहून ठेवलं होतं. संशोधकांनी या नोंदी तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मिळणारे मासे वाढत होते, पण ते पाहुणे होते. वशिंडाचे मासे घटत होते आणि जे मिळत ते मोठे, म्हातारे. नवी पिढी तयारच होत नव्हती.

त्याहून धक्कादायक म्हणजे या जगप्रसिद्ध माशाला तोवर बरोबर शास्त्रीय नावच नव्हतं. साइक्स यांनी शिरूरजवळच्या घोड नदीतून वर्णन केलेल्या ‘मुसुल्ला’ या वेगळ्याच माशाचं नाव त्याला कित्येक वर्षं चिकटवलं गेलं होतं. २०१८ मध्ये संशोधकांनी तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं सिद्ध केलं आणि त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. नाव नसेल तर यादीत जागा नाही, आणि यादीत जागा नसेल तर संरक्षणाचा आधार नाही. एवढा मोठा मासा असा डोळ्यांदेखत हरवत होता. ही घसरण उघड झाली ती मासे पकडून सोडणाऱ्या हौशींनी ठेवलेल्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या अभयारण्याच्या हद्दीतली शिबिरं मात्र बंद झाली आणि त्यांच्याबरोबर ही नोंदही थांबली.

मोठे मासे जपण्याची महाराष्ट्राची जुनी रीत गळाची नव्हे, श्रद्धेची आहे. वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसेश्वराच्या डोहात आणि महाड तालुक्यात वरदायिनी देवीच्या वाळण कोंडीत महसीर निर्धास्त फिरतात. भाविक चुरमुरे-फुटाणे टाकतात आणि मासे काठाशी येऊन खातात. त्यांना कोणी मारत नाही. देहू आणि आळंदीच्या इंद्रायणीतही असे देवाचे मासे होते. आज तिथे कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी येतं आणि वारीच्या दिवसांत आळंदीला नदीवर तरंगणारा फेस वर्तमानपत्रांत छापून येतो. डोह आहे, श्रद्धाही आहे, पण पाण्यात पुरेसा प्राणवायू नाही. आषाढी वारीला सोलापूर जिल्ह्यात येणाऱ्या दोन्ही मोठ्या पालख्या इंद्रायणीकाठून निघतात आणि तीच इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळून पंढरपूरकडे येते. देहूत मासा जगला नाही, याचा संबंध चंद्रभागेच्या पाण्याशी आहे.

आता उजनीकडे पाहू. १९८० मध्ये पूर्ण झालेलं हे धरण सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवतं. करमाळा, माढा, इंदापूर, भिगवण या पट्ट्यातल्या हजारो कुटुंबांचा संसार इथल्या जाळ्यांवर चालतो. कटला, रोहू, मरळ, वाम हे इथले नावाजलेले मासे, पण बाजारात ढीग दिसतो तो चिलापीचा. ही आफ्रिकेतली पाहुणी १९५२ मध्ये भारतात आली आणि साचलेल्या पाण्यात घट्ट रुजली. बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी बोटुकलीही खरवडून निघतात, अशी तक्रार परवानाधारक मच्छीमार सतत करत असतात.

अशा विस्तीर्ण जलाशयात महसीर खाऊन-पिऊन वाढू शकेल. तिथे त्याची वीण मात्र होणार नाही. त्यासाठी त्याला वर चढायला वाट हवी, गोट्या-खडीचा स्वच्छ तळ हवा आणि पावसाळ्यात खळाळणारं पाणी हवं. भीमेच्या वरच्या अंगाला नदीनदीवर धरणं आणि बंधारे आहेत. मुळा-मुठेत पुण्याचं सांडपाणी येतं. भीमेच्या पात्रातली वाळू इतकी उपसली गेली की कित्येक ठिकाणी तळाला काळी माती उघडी पडली. चढणीच्या माशाला यातला प्रत्येक अडथळा पार करावा लागतो आणि शेवटचा अडथळा पार झाला नाही, तर आधीची चढण वाया जाते.

उजनीच्या काठी पर्यटन वाढतं आहे. रोहित पाहायला भिगवणला हिवाळ्यात गर्दी होते आणि पक्षी दाखवायला स्थानिक नावाडीच बोट चालवतात. गळाच्या हौशींनाही हेच नावाडी नेऊ शकतील. पक्षी दाखवणारा वाटाड्या मासा दाखवणारा होऊ शकतो. कावेरीवरही गावचेच लोक असे वाटाडे झाले होते. त्यासाठी नियम साधे आहेत. एकच आकडा असलेला, बिनकाट्याचा गळ. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करायचे, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. त्याला पाण्याबाहेर शक्य तितका कमी वेळ ठेवायचं. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत हलकेच धरायचं. विणीच्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबर, गळ बंद. आणि प्रत्येक फेरीची वही.

पण या पाण्यात महसीरची बोटुकली सोडायची म्हटलं, तरी त्याआधी एक काम व्हायला हवं. मुळा-मुठा, घोड, इंद्रायणी आणि उजनीच्या वरची भीमा, या पट्ट्यांत आज नेमके कोणते मोठे मासे उरले आहेत, हे साइक्स यांच्या यादीशी ताडून पाहायला हवं. सोलापूर आणि पुण्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, भिगवण-इंदापूरच्या बाजारात रोज सकाळी मासळी उतरते आणि तिथल्या जुन्या मच्छीमारांना कोणता मासा कोणत्या साली दिसेनासा झाला हे आठवतं. पाहणीची सुरुवात या बाजारांतूनच होऊ शकते, आणि जुन्या मच्छीमारांचं वय पाहता ती येत्या एक-दोन वर्षांतच व्हायला हवी.