कॉफीचा भाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : खनिज तेलाखालोखाल जगात कॉफीचाच व्यापार सर्वाधिक होतो.
वस्तुस्थिती : उलाढालीत सोने, नैसर्गिक वायू, तांबे आणि लोहखनिज कॉफीच्या पुढे आहेतच, शेतमालापैकी सोयाबीन आणि गहूही पुढे आहेत. कॉफीचे वजन आहे ते इथिओपियासारख्या देशांत, जिथे परकीय चलनाचा मोठा वाटा या एका पिकातून येतो.

गैरसमज : पिकवणारे देश भाव ठरवतात.
वस्तुस्थिती : अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टा जातीचा लंडनच्या वायदेबाजारात ठरतो. न्यूयॉर्कचा एक सौदा ३७,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १७ टनांचा असतो. निर्यातदार या भावात मालाची प्रत आणि मूळ देश पाहून काही सेंट वाढवतात किंवा कमी करतात. ब्राझील जगातली सुमारे एक तृतीयांश कॉफी पिकवतो. पण त्याचाही प्रभाव पडतो तो बहुधा पीक बुडाल्यावर. जुलै १९७५च्या हिमतुषाराने पाराना राज्यातले मळे करपले आणि १९७७मध्ये भाव पौंडाला ३ डॉलरपलीकडे गेला.

गैरसमज : भावातली पडझड हा बाजाराचा नियमच आहे, त्याला इलाज नाही.
वस्तुस्थिती : इलाज झाला होता. १९६२च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारानुसार निर्यातदार देशांना कोटा ठरवून दिला जाई. क्यूबातल्या क्रांतीनंतर लॅटिन अमेरिकेत असंतोष पसरू नये, या हेतूने अमेरिकेनेही त्याला साथ दिली. १९८०च्या दशकात भाव पौंडाला १२० ते १४० सेंटच्या पट्ट्यात राखण्याचे उद्दिष्ट होते. शीतयुद्ध ओसरले, कोट्याच्या वाटणीवरून वाद पेटले आणि जुलै १९८९मध्ये कोटापद्धत कोसळली. पुढे व्हिएतनामची रोबस्टा बाजारात ओसंडू लागली. २००१मध्ये भाव ५० सेंटच्याही खाली गेला.

गैरसमज : केवळ आयातशुल्कामुळे पिकवणारे देश भाजलेली कॉफी विकू शकत नाहीत.
वस्तुस्थिती : युरोपीय संघात कच्च्या कॉफीवर शुल्क नाही, भाजलेल्या कॉफीवर साधारणतः ७.५ टक्के आहे. पण संघाशी झालेल्या व्यापार करारामुळे कोलंबियाला तेही माफ आहे. खरी अडचण अशी, की कच्चा माल महिनोन् महिने टिकतो, तर भाजलेल्याचा सुगंध लवकर उडतो. शिवाय अनेक देशांच्या बियांचे मिश्रण, नाममुद्रा आणि दुकानातली जागा ग्राहक देशांतल्या कंपन्यांच्या हाती आहे. म्हणूनच कॉफीचा एक दाणाही न पिकवणारा जर्मनी मोठा निर्यातदार ठरतो.

गैरसमज : कप महागला की शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते.
वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ४ डॉलरवर, म्हणजे किलोला सुमारे ८.८० डॉलरवर गेला. भाजताना वजन १५ ते २० टक्के घटते. कपाला १० ग्रॅम भाजलेली कॉफी धरली, तर कच्चा माल जेमतेम ११ सेंटचा होतो. उरलेली रक्कम भाडे, मजुरी, दूध, कर आणि नफ्यात जाते. त्या ११ सेंटमधूनही सोलाई, वाहतूक आणि निर्यातदाराचा वाटा वजा होऊनच शेतकऱ्याच्या हाती पैसे पडतात.