पाण्यातलं नत्र

पाणवनस्पतींच्या मत्स्यटाकीवर, छंदी मंडळींच्या भाषेत ‘प्लांटेड टँक’वर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. दुकानं पाहण्याआधी मी शहाद्याहून सातपायरी घाटाने तोरणमाळ गाठलं. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटरवरच्या या पठारावर मोठा यशवंत तलाव आहे, पण मला पाहायचा होता तो कमळ तलाव. इथे कुणी खत घालत नाही, पाणी बदलत नाही, तरी कमळं पोसली जातात.

मूळ रसायन शाळेत शिकवतात तेच. माशांची विष्ठा नि कुजलेली पानं यांतून अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे काम करणारे जिवाणू विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

मला गुंतवून ठेवलं ते कमळाच्या देठाने. पान उन्हात तापलं की त्यातली हवा दाबाने देठातून चिखलातल्या कंदापर्यंत उतरते आणि पानाच्या मधोमध असलेल्या फिकट ठिपक्यातून पुन्हा बाहेर पडते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. कमळाने खाली नेलेली ही हवा मुळांभोवती थोडी पाझरते आणि त्या पातळ थरात नायट्रेट बनवणारे जिवाणू जगतात. जरा पलीकडे प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू त्याच नायट्रेटचा नत्रवायू करून तो हवेत परत पाठवतात. बनवणं आणि मोडणं, दोन्ही एकाच चिखलात! इतकी नेटकी व्यवस्था मी कुठल्याही महागड्या फिल्टरमध्ये पाहिलेली नाही.

टाकीत ही शेवटची पायरी बहुधा अपुरी पडते. मासे जास्त असले की नायट्रेट साचतं. झाडं दाट आणि मासे मोजके असले की उलट घडतं, नायट्रेट शून्यावर येतं आणि मालक खूश होतो. इथेच घोटाळा आहे. नायट्रेट हे झाडांचं अन्न आहे. ते संपलं की झाड जुन्या पानांतलं नत्र ओढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात आणि त्या दुबळ्या पानांवर शेवाळ चढतं. वरची कोवळी पानं फिकट असतील तर मात्र संशय लोहावर घ्यावा, कारण लोह झाडात सहजी हलत नाही. शिवाय नायट्रेट पचवायला झाडाला कणभर मॉलिब्डेनम लागतं, म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यं विसरून चालत नाही.

यासाठी परदेशी खताची बाटलीच हवी असं नाही. शहाद्याकडे पपईला ठिबकमधून देतात ते 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच. त्याचा एक ग्रॅम 100 लिटर पाण्यात नायट्रेट सुमारे 6 मिलिग्रॅम प्रति लिटरने वाढवतो. युरिया मात्र टाकीत कधीच घालू नये. त्याचा अमोनिया होतो आणि मासे मरतात.

खरी अडचण मात्र नळातून येते. घाट उतरला की घरोघरी बोअरचं पाणी. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटर या पिण्याच्या मर्यादेपलीकडे होतं. टाकीत 20 आणि बोअरला 60 असेल, तर दर आठवड्याचं पाणी बदलणं म्हणजे नायट्रेट वाढवणंच. मोजणंही सरळ नाही. काही किट नायट्रेट दाखवतात, काही त्यातलं फक्त नत्र. नत्राच्या आकड्याला 4.4 ने गुणलं की नायट्रेट मिळतं. दोन बाटल्यांच्या किटमधली तळाशी बसलेली पूड जोरात हलवली नाही, तर आकडा खोटा कमी येतो.

माशांचं एक वेळ निभेल. बरेच मासे 60 सहन करतात. तान्ह्या बाळाला ते पाणी सोसत नाही. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडू शकतं. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. म्हणून टाकीसाठी किट आणलंच असेल, तर पहिली चाचणी घरच्या बोअरची करा. आकडा 45 च्या वर आला, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तो पक्का करून घ्या, आणि तोवर बाळाच्या दुधासाठी ते पाणी वापरू नका.